50 डॉलरच्या नोटेवरचा माणूस : गॅलिना ते न्यूयॉर्क

लिंकन आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. त्यांना यादवी युद्ध जिंकून देणारे सेनापती आणि पुढे 1869 ते 1877 अशी आठ वर्षं स्वतः राष्ट्राध्यक्ष राहिलेले युलिसिस ग्रँट मात्र आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसतात. मला ते महात्मा फुल्यांमुळे भेटले. 1873 साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. शाळेत इतिहास शिकवताना हा धडा आला की वाटायचं, त्या वर्षी तिथे सत्तेवर कोण होतं? उत्तर होतं ग्रँट. निवृत्तीनंतर त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. या ऑक्टोबरात शिकागोजवळ राहणाऱ्या लेकीकडे गेले, तेव्हा ठरवलं की या वेळी नायगारा नको, ग्रँटांच्या जागा बघायच्या.

आधीच एक सूचना. यातल्या बऱ्याच जागा आठवड्याच्या सुरुवातीला बंद असतात, म्हणून आम्ही बुधवार ते रविवार असा बेत आखला. निघण्यापूर्वी प्रत्येक जागेच्या वेळा नक्की तपासा.

बुधवार : गॅलिना

शिकागोहून पश्चिमेला निघालं की दोन-अडीच तास नुसता मका. कापणी झालेली सपाट शेतं, मध्येच धान्याचे उंच गोल कणगे. आणि मग अचानक रस्ता वळणं घेऊ लागतो, डोंगर दिसू लागतात. हिमयुगातल्या बर्फाने बहुतेक इलिनॉय सपाट केलं, हा कोपरा सुटला. ऑक्टोबरातली लाल-पिवळी झाडं उतारांवर होती आणि हवेत स्वेटर हवासा वाटेल इतका गारवा.

गॅलिना हे शिशाच्या खाणींचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिसिसिपीवरून आगबोटी थेट इथपर्यंत यायच्या. पुढे नदी गाळाने भरली, व्यापार रेल्वेने पळवला आणि गाव होतं तिथेच थांबलं. त्यामुळेच लाल विटांच्या त्या इमारती टिकल्या. आज वस्ती तीन-साडेतीन हजारांची, पण मेन स्ट्रीटवर पर्यटकांची ही गर्दी.

1860 च्या वसंतात ग्रँट बायको आणि चार मुलांना घेऊन इथे उतरले, तेव्हा ते 38 वर्षांचे होते. सैन्यातली नोकरी सोडलेली, शेती बुडालेली, सेंट लुईसमधला धंदा जमलेला नाही. वडिलांचं इथे कातडी मालाचं दुकान होतं, ते धाकटे भाऊ चालवत. थोरला भाऊ त्यांच्या हाताखाली कारकून म्हणून लागला. चार वर्षांनी हाच कारकून अमेरिकेच्या सगळ्या सैन्याचा प्रमुख झाला आणि आठ वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला.

नदीपलीकडच्या टेकडीवर त्यांचं दुमजली विटांचं घर आहे. युद्ध जिंकून 18 ऑगस्ट 1865 ला ते परतले, तेव्हा गावकऱ्यांनी ते त्यांना भेट दिलं. आतलं बरंचसं सामान मूळचंच आहे. घर दाखवणाऱ्या बाई सत्तरीच्या असतील, जन्म इथलाच. जेवणघरात आल्यावर त्यांनी विचारलं, “तुम्ही कुठल्या?” लेक म्हणाली, “आई मुंबईजवळची.” बाई लगेच म्हणाल्या, “म्हणजे ग्रँट तुमच्याकडे येऊन गेलेत!” खरंच गेलेत. राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर ते जगप्रवासाला निघाले आणि फेब्रुवारी 1879 मध्ये मुंबईत उतरले. मलबार पॉइंटच्या गव्हर्नरच्या बंगल्यात मुक्काम होता. पुढे जबलपूर, आग्रा, जयपूर, दिल्ली, काशी करत ते कलकत्त्याला गेले. मुंबईत ग्रँट रोड नावाचं स्टेशन आहे, असं मी सांगितल्यावर बाई खूश झाल्या. पण तो ग्रँट वेगळा, 1835 ते 1838 या काळातला मुंबईचा गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट, हेही मी लगोलग सांगितलं.

कातड्याच्या दुकानाची गोष्ट माझ्या मनातून जाईना. ग्रँटांचे वडील चामडं कमावणारे. लहानपणी घरासमोरच कारखाना होता, त्या वासाचा आणि रक्ताचा पोराला मनस्वी तिटकारा. पण हा धंदा लपवावा असं पुढे कुणालाही वाटलं नाही. 1872 च्या निवडणुकीत ग्रँटांसोबत उपाध्यक्षपदासाठी हेन्री विल्सन उभे होते, ते तरुणपणी चांभारकाम करायचे. त्या वर्षीच्या एका प्रचारपत्रकावर दोघांची चित्रं याच धंद्यांच्या अभिमानाने छापली होती : गॅलिनाचा चामडं कमावणारा आणि नेटिकचा चांभार. दोघेही निवडून आले. त्याच्या पुढच्याच वर्षी पुण्यात ‘गुलामगिरी’ निघाली. आपल्याकडे या दोन्ही धंद्यांतल्या माणसांना तेव्हा काय वाट्याला येत होतं, ते वेगळं सांगायला नको.

संध्याकाळी मेन स्ट्रीटवर गरम टोमॅटोचं सूप आणि चीझचे तळलेले तुकडे खाल्ले. विस्कॉन्सिनची हद्द इथून अगदी जवळ, त्यामुळे चीझ फर्मास. शाकाहारी असाल तर सूपमध्ये मांसाचा अर्क आहे का, हे विचारून घ्या.

गुरुवार : गॅलिनाच्या पायऱ्या आणि लांबचा रस्ता

सकाळी दाट धुकं. गाव उतारावर वसलेलं, त्यामुळे एका रस्त्यावरून वरच्या रस्त्यावर जायला लांबच लांब जिने आहेत. एका जिन्याला तर दोनशेहून जास्त पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर गाडीने वर जा आणि पायऱ्या उतरून या. वर हाय स्ट्रीटला ग्रँट भाड्याने राहायचे ते घर बाहेरून दिसतं. दुकानातून दमून आलेल्या माणसाला रोज ही चढण असायची.

पोस्टात गेलो. 1850 च्या दशकाच्या शेवटी बांधलेली ही दगडी इमारत अजून पोस्टच आहे. तिच्या बांधकामावर देखरेख करणारा सरकारी अभियंता होता ईली पार्कर, सेनेका जमातीचा आदिवासी. कायदा शिकूनही त्याला वकिली करू दिली नव्हती, कारण तो नागरिक मानला जात नव्हता. त्याची आणि ग्रँटांची ओळख गॅलिनातच झाली. 9 एप्रिल 1865 ला ॲपोमॅटॉक्स इथे दक्षिणेचे सेनापती ली शरण आले, तेव्हा शरणागतीच्या अटींची पक्की प्रत पार्करच्याच सुंदर अक्षरात लिहिली गेली. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ग्रँटांनी त्यालाच आदिवासी खात्याचा आयुक्त केलं. त्या पदावर बसलेला तो पहिला आदिवासी.

मग जावयांनी गाडी दक्षिणेला काढली. सेंट लुईसला पोचेपर्यंत अंधार झाला. लेकीने बरोबर घेतलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी वाटेतल्या विश्रांतीस्थळावर संपल्या.

शुक्रवार : सेंट लुईस, व्हाइट हेवन

सबंध प्रवासात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या जागेने. व्हाइट हेवन हा ग्रँटांच्या सासऱ्यांचा मळा. आता तो राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे, प्रवेश मोफत. नाव व्हाइट असलं तरी घर गडद हिरवं आहे. ग्रँटांच्या काळी होता तो रंग शोधून काढून पुन्हा दिला आहे.

खोल्या जवळजवळ रिकाम्या आहेत. पलंग, टेबलं, पडदे, काही नाही. सुरुवातीला विरस झाला. पण टोपीवाल्या तरुण रेंजरने बोलायला सुरुवात केली आणि त्या रिकाम्या खोल्यांमध्ये माणसं दिसू लागली. सासरे फ्रेडरिक डेंट यांच्याकडे सुमारे 30 गुलाम होते. रेंजर आम्हाला तळघरातल्या स्वयंपाकघरात घेऊन गेला. दगडी भिंती, बुटकं छत, चुलीचं मोठं तोंड. वरच्या मजल्यावरच्या मेजवान्या इथे रांधल्या जायच्या. इथल्या मेरी रॉबिन्सन नावाच्या स्वयंपाकिणीने म्हातारपणी, 1885 साली, वर्तमानपत्राला आपल्या आठवणी सांगितल्या, म्हणून तिचं नाव तरी उरलं.

ग्रँटांचे वडील गुलामीचे विरोधक, सासरे गुलामांचे मालक. 22 ऑगस्ट 1848 ला ज्युलियाशी लग्न झालं, तेव्हा आईवडील लग्नाला आले नाहीत. सैन्य सोडल्यावर ग्रँट इथे शेती करू लागले. लाकडं तोडून सेंट लुईसच्या रस्त्यांवर विकायचे. 1857 च्या नाताळाआधी सोन्याचं घड्याळ गहाण टाकलं. याच काळात त्यांच्याकडे विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम होता. 29 मार्च 1859 ला ग्रँटांनी कोर्टात जाऊन त्याला मुक्त केलं. विकला असता तर हजारभर डॉलर सहज आले असते आणि घरात पैशांची चणचण होती.

रेंजरने हे सांगितलं आणि लगेच म्हणाला, “पण त्यांनी एक माणूस बाळगला होता, हेही खरंच आहे.” मला हे फार आवडलं. आमच्या गटात मिसिसिपीहून आलेले एक कृष्णवर्णीय निवृत्त पोस्टमास्तर होते. ते म्हणाले, “माझ्या शाळेत ग्रँट म्हणजे दारू आणि भ्रष्टाचार, एवढंच शिकवलं. त्यांनी क्लॅन मोडली, हे मला वयाच्या पन्नाशीनंतर कळलं.”

ते बोलले ते खरं आहे. 1870 साली पंधरावी घटनादुरुस्ती झाली आणि मुक्त झालेल्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या गुप्त संघटनेने या मतदारांना झोडपायला, मारायला सुरुवात केली. ग्रँटांच्या कारकिर्दीत न्यायखातं स्थापन झालं, 1871 मध्ये क्लॅनविरुद्ध कायदा आला आणि त्याच ऑक्टोबरात साउथ कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांमध्ये ग्रँटांनी विनाचौकशी अटकेविरुद्धचं संरक्षण स्थगित करून सैन्य पाठवलं. शेकडो लोकांना पकडलं. क्लॅनचं कंबरडं मोडलं. फुले ज्यांचं कौतुक करत होते ते काम कागदावरच्या मुक्तीवर थांबलेलं नव्हतं, ते त्याच वर्षांत कोर्टात आणि गावागावांत चाललं होतं.

दुसरी बाजूही याच शहरात आहे. दारूवरचा कर बुडवणारी ‘व्हिस्की रिंग’ 1875 मध्ये उघडकीला आली, तिचं मोठं केंद्र सेंट लुईस. ग्रँटांचे खासगी सचिव त्यात आरोपी होते आणि ग्रँटांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. स्वतः पैसा खाल्ला नाही, पण जवळच्या माणसांवर संशय घेणं त्यांना जमलंच नाही.

मळ्यातला तबेला, म्हणजे ग्रँटांनी आपल्या घोड्यांसाठी बांधून घेतलेला, आता संग्रहालय आहे. तिथे किमान तास काढा. जवळच ग्रँट्स फार्म आहे. ग्रँटांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं लाकडी ओंडक्यांचं घर आता तिथे उभं आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना तिथले प्राणीही आवडतील.

दुपारी चीझ भरलेली तळलेली रॅव्हिओली खाल्ली, सेंट लुईसची खासियत. करंजीच्या चवीची अपेक्षा ठेवू नका, पण टोमॅटोच्या सॉससोबत छान लागते. मांस भरलेलीही मिळते, तेव्हा विचारून घ्या. जावई गाडी घेऊन घरी परतले आणि आम्ही मायलेकी विमानाने न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला गेलो.

शनिवार : माउंट मॅकग्रेगर

साराटोगा स्प्रिंग्जपासून गाडी डोंगर चढू लागली आणि लेक एकदम म्हणाली, “आई, हे तुरुंगासारखं दिसतंय.” तुरुंगच होता तो. 2014 साली बंद झालेल्या कारागृहाच्या ओसाड इमारती आणि काटेरी तारांची कुंपणं यांच्या बाजूने रस्ता जातो. पाटीवर विश्वास ठेवून पुढे जात राहा. मग झाडी येते आणि झाडीत पिवळसर रंगाची, रुंद व्हरांड्याची एक लाकडी बंगली.

1884 च्या मे महिन्यात ग्रँट पुन्हा भिकेला लागले. न्यूयॉर्कमध्ये मुलाच्या भागीदारीतल्या पेढीत त्यांनी सगळी पुंजी घातली होती. भागीदार फर्डिनांड वॉर्ड एकाचे पैसे दुसऱ्याला देत सगळ्यांना फसवत होता. पेढी बुडण्याच्या दोनच दिवस आधी धनाढ्य विल्यम व्हँडरबिल्टकडून ग्रँटांनी उसने आणलेले दीड लाख डॉलरही त्यात बुडाले. लहानपणाची एक गोष्ट त्यांनीच लिहून ठेवली आहे. आठेक वर्षांचा असताना वडिलांनी घोडा आणायला पाठवलं. पोराने मालकाला सरळ सांगून टाकलं : बाबा म्हणाले आधी 20 डॉलर सांग, नाही ऐकलं तर साडेबावीस, तरीही नाही तर 25 दे. घोडा अर्थातच 25 ला मिळाला. साठी ओलांडल्यावरही माणूस तसाच राहिला होता.

त्या उन्हाळ्यात पीच खाताना घशात कळ आली. कर्करोग निघाला. ज्युलियाला मागे काहीच उरणार नाही, म्हणून त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. मार्क ट्वेन यांनी आपल्या प्रकाशनसंस्थेकडून नफ्याचा 70 टक्के वाटा देऊ केला. 16 जून 1885 ला, न्यूयॉर्कच्या उकाड्यापासून दूर, मित्र जोसेफ ड्रेक्सेल यांच्या या बंगलीत ग्रँटांना आणलं.

आत शिरल्यावर पहिल्याच खोलीत समोरासमोर लावलेल्या दोन चामडी खुर्च्या आहेत. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून एका खुर्चीत बसून दुसरीवर पाय ठेवून ते रात्र काढायचे. आवाज गेला होता. कागदाच्या कपट्यांवर लिहून डॉक्टरांशी आणि घरच्यांशी बोलायचे. घशाला लावायच्या कोकेनच्या पाण्याची बाटली तिथेच आहे. आणि त्या अवस्थेत पानामागून पान. लष्करी हुकूम लिहिणाऱ्याचं गद्य, साधं आणि स्वच्छ. मेक्सिकोच्या ज्या युद्धात ते स्वतः लढले, ते बलाढ्य देशाने दुबळ्या देशावर लादलेलं अत्यंत अन्यायी युद्ध होतं, हेही त्यांनी त्यात स्पष्ट लिहून टाकलं. जुलैच्या मध्यानंतर काम पुरं झालं आणि 23 जुलैच्या सकाळी त्यांनी प्राण सोडला. मुलगा फ्रेडने घड्याळ थांबवलं. फळीवरचं ते घड्याळ अजून 8 वाजून 8 मिनिटांवर आहे.

ज्या गोष्टीची मला कल्पनाच नव्हती ती शेजारच्या खोलीत होती. अंत्यविधीसाठी 1885 साली आलेली फुलांची आरास. तीच, मूळची. वाळवून मेणात जपलेली, तपकिरी पडलेली फुलं. त्यातली सर्वांत मोठी कमान कॅलिफोर्नियाच्या लेलंड स्टॅनफर्ड यांनी पाठवलेली, माणसापेक्षा उंच. मार्गदर्शक गृहस्थ दबक्या आवाजात नाही, चांगले खणखणीत बोलत होते. त्यांनी सायमन बकनर यांची हकिकत सांगितली. 1854 मध्ये ग्रँट कॅलिफोर्नियाहून कफल्लक होऊन न्यूयॉर्कला आले, तेव्हा हॉटेलच्या बिलाची सोय या मित्राने केली. 1862 मध्ये तेच बकनर फोर्ट डोनेल्सनला दक्षिणेच्या बाजूने ग्रँटांसमोर उभे ठाकले आणि ग्रँटांनी त्यांना बिनशर्त शरण यायला लावलं. जुलै 1885 मध्ये बकनर या डोंगरावर भेटायला आले. पुढे ग्रँटांच्या अंत्ययात्रेत मानकऱ्यांमध्येही ते होते.

पुस्तकाने ज्युलियाला सुमारे साडेचार लाख डॉलर मिळवून दिले.

घराजवळून थोडं चाललं की कड्यावर जाता येतं, हडसनचं खोरं आणि पलीकडचे व्हरमाँटचे डोंगर दिसतात. आम्ही गेलो तेव्हा वारा कान कापत होता. टोपी, मफलर हवाच. घर आतून बघायला मार्गदर्शकासोबतच जावं लागतं आणि हिवाळ्यात ते बंद असतं, म्हणून आधी आरक्षण करा. परतताना साराटोगाच्या झऱ्यांचं पाणी प्यायलो. खारट आणि गंधकाचा वास. एका घोटात माझं समाधान झालं. त्यावर सफरचंदाच्या रसातले गरम डोनट मात्र दोनदा घेतले.

रविवार : हडसनकाठी न्यूयॉर्कला

ऑल्बनीहून रेल्वेने न्यूयॉर्कला जाताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा, जवळजवळ सबंध वाट नदी दिसते. ग्रँटांचा देह याच खोऱ्यातून रेल्वेने खाली आणला. 8 ऑगस्ट 1885 च्या अंत्ययात्रेला रस्त्यांवर पंधरा लाखांच्या आसपास लोक जमले होते.

समाधी मॅनहॅटनच्या उत्तर भागात, 122 व्या रस्त्याजवळ रिव्हरसाइड ड्राइव्हवर आहे. 27 एप्रिल 1897 ला तिचं उद्घाटन झालं. सुमारे 90 हजार लोकांनी मिळून सहा लाख डॉलर जमवले होते. निधी जमवणाऱ्या संस्थेचे चिटणीस रिचर्ड ग्रीनर, हार्वर्ड कॉलेजमधून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय. दारावर ग्रँटांचं वाक्य कोरलं आहे, त्याचा अर्थ, ‘आपल्यात शांतता नांदो’. आत घुमटाखाली, खालच्या पातळीवर लाल ग्रॅनाइटच्या दोन शवपेट्या शेजारीशेजारी. ज्युलिया 1902 मध्ये गेल्या.

त्या वाक्यापाशी मी बराच वेळ रेंगाळले. शांतता कोणाची, हा प्रश्न ग्रँटांच्याच कारकिर्दीत शेवटी उभा राहिला. 1875 मध्ये मिसिसिपीत कृष्णवर्णीय मतदारांवर पुन्हा हल्ले सुरू झाले, गव्हर्नरने सैन्य मागितलं आणि या वेळी ते गेलं नाही. उत्तरेतले लोक या भांडणाला कंटाळले होते, 1873 च्या मंदीने पोळले होते. ग्रँट पायउतार झाले त्याच वर्षी, 1877 मध्ये, दक्षिणेतला सैन्याचा आधार काढून घेतला गेला आणि मुक्त झालेल्या लोकांचे हक्क पुढची कित्येक दशकं हिरावले गेले. 1871 चे ग्रँट आणि 1875 चे ग्रँट असे दोन्ही मला मान्य करावे लागतात. पण पहिल्याला विसरून फक्त घोटाळे लक्षात ठेवणाऱ्यांनी त्या माणसावर आणि ज्यांच्यासाठी तो लढला त्यांच्यावर मोठा अन्याय केला, असं माझं ठाम मत आहे.

ही समाधीसुद्धा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाईट अवस्थेत होती. भिंती रंगवलेल्या, कचरा साचलेला. लोकांनी आवाज उठवल्यावर दुरुस्ती होऊन 1997 मध्ये ती पुन्हा नीट झाली. भोवतीची रंगीबेरंगी मोझेकची बाकं 1970 च्या दशकात आसपासच्या रहिवाशांनी आणि मुलांनी मिळून केलेली आहेत, ती आवर्जून बघा. मागच्या बाजूला चीनच्या ली होंगझांग यांच्या नावाचा फलक आणि झाडं आहेत. जगप्रवासात ग्रँट त्यांना भेटले होते, जपान-चीन तंट्यात त्यांनी मध्यस्थीही केली होती.

प्रवेश मोफत. एक नंबरच्या सबवेने 116 किंवा 125 व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरा. 125 हून चढ आहे, 116 हून चाल थोडी जास्त पण सोपी. आणि ज्यांच्याकडे आणखी वेळ असेल त्यांनी सुरुवात ओहायोतून करावी : पॉइंट प्लेझंटचं जन्मघर आणि जॉर्जटाउनचं लहानपणीचं घर सिनसिनाटीहून एका दिवसात होतात. आमचं ते राहिलं आहे, लेकीने पुढच्या मे महिन्याचं कबूल केलंय.